बाबांनी घासलेल्या सहा चकत्या

मी आधीच सांगून ठेवते, मी भांडखोर आहे. आमच्या कारधा गावात कोणालाही विचारा. गजभियांची तृप्ती म्हटलं की लोक हसतात आणि दोन पावलं मागे सरकतात. डॉ. हेमराज सरांशी भांडले त्याचं मला तसूभरही वाईट वाटत नाही. बाबांवर ओरडले, त्याचं मात्र वाटतं.

माझे बाबा यादोराव. चाळीस वर्षं ते सायकलनं नदीवरचा पूल ओलांडून भंडाऱ्याला जायचे, पितळेच्या कारखान्यात भांड्यांना चमक द्यायला. पाणी भरायचा गुंड असो, परात असो, बाबांच्या हातून निघाली की तिच्यात बघून खुशाल भांग पाडावा. बुडाला शिक्का मात्र शेठच्या नावाचा बसायचा.

मी नागपूरला दातांच्या कॉलेजात एम.डी.एस. करते. दात पडला की त्या जागी जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, त्याला इम्प्लांट म्हणतात. त्याच्या भोवती हाड नीट धरलं तर तो टिकतो. हाड तयार करतात मूळपेशी, आणि या पेशी भारी नखरेल असतात. गुळगुळीत धातूवर भराभर वाढतात, पण हाडाच्या कामाला हात लावत नाहीत. खरबरीत धातूवर वाढतात कमी, पण कामाला लागतात. एका कंपनीनं नवा खरबरीत पृष्ठभाग काढला होता. तो किती चांगला, हे मला तपासायचं होतं, आणि हेमराज सर माझे गाईड होते.

कंपनीनं नखाएवढ्या बारा खरबरीत चकत्या दिल्या. तुलनेसाठी बारा साध्या चकत्या आरशासारख्या गुळगुळीत करायच्या होत्या. हे काम बाबांपेक्षा चांगलं कोण करणार? मी दोन डब्यांत चकत्या घेऊन घरी आले. साध्यांचा डबा बाबांना दिला, दुसरा फळीवर ठेवला आणि मावशीला भेटायला पवनीला गेले. संध्याकाळी परत येऊन बघते तर फळीवरचा डबा बाबांच्या मांडीवर!

"बाबा! हे का केलं तुमी?"

"अवं, मटमैल्या होत्या ना त्या," बाबा म्हणाले. "साध्या त झाल्या चकाचक. मंग म्हटलं, ह्या काहून अशा पाठवाव्या? लोक म्हनतीन, यादोरावच्या घरून अशा निघाल्या. सहाले चार-चार हात मारले. सहा बाकी हायत."

"मुद्दाम खरबरीत केल्या होत्या त्या! तुमच्या चमकेपायी माझं वर्ष गेलं!" आणखीही बरंच बोलले. ते इथं लिहीत नाही, लाज वाटते. बाबांनी फडकं घडी करून ठेवलं आणि न जेवताच अंगणात जाऊन बसले.

कंपनी आणखी चकत्या देणार नव्हती. लाखनीच्या एका ट्रक ड्रायव्हरच्या अक्कलदाढेतून काढलेल्या मूळपेशी सोमवारी तयार होणार होत्या, त्या काही माझ्यासाठी थांबल्या नसत्या. मग मी वहीत तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'चुकून घासलेल्या, सहा'. तिन्ही गटांवर सारख्याच पेशी सोडल्या.

एकवीस दिवसांनी चकत्यांवर रंग टाकला. जिथं हाडाचा चुना जमतो तिथं हा रंग लाल दिसतो. गुळगुळीत चकत्या फिक्या राहिल्या. कंपनीच्या गुलाबी झाल्या. आणि बाबांच्या सहा चकत्या कुंकवासारख्या लाल! मी तीनदा तपासलं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, बाबांच्या हातानं फक्त वरचे टोकदार उंचवटे सपाट झाले होते, खालचे खड्डे तसेच होते. पेशी सपाट जागी पसरून खड्ड्यांत उतरल्या होत्या. मला तिथंच रडू आलं.

सर खूश झाले. "उत्तम! ह्या सहा कंपनीच्या रकान्यात टाक, त्यांचा निकाल आणखी उठून दिसेल."

"सर, ह्या वेगळ्या आहेत. ह्या माझ्या बाबांनी घासल्यात."

"चकत्या कंपनीच्याच ना?"

"चकत्या त्यांच्या. पृष्ठभाग बाबांचा."

सर हसले. "भांडी घासणाऱ्याची चूक म्हणजे संशोधन नव्हे, तृप्ती. रकान्यात टाक, नाहीतर माझी सही मिळणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं ज्या डिग्रीसाठी घासली, ती त्या एका सहीवर अडली होती. पण भांडी घासणारा म्हणे!

"नाही टाकत," मी म्हणाले. "सही ठेवा तुमच्याजवळ."

वही घेऊन थेट विभागप्रमुख प्रेरणा मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मॅडमनी वहीचं पान न् पान पाहिलं. सरांविरुद्धची तक्रार त्या वर पाठवणार होत्या, आणि गाईड म्हणून माझं काम स्वतः बघायलाही तयार झाल्या. पण त्यांनी मला स्पष्ट सुनावलं, "चुकून झालेल्या सहा चकत्यांनी काही सिद्ध होत नाही. घासणं मोजून-मापून पुन्हा कर. डिग्री सहा महिने लांबेल. आणि या वेळी हाती काहीच लागलं नाही, तर तेही तसंच लिहावं लागेल."

"चालेल," मी म्हणाले.

कॉलेजच्याच मशीननं वाळू मारून चोवीस नव्या चकत्या खरबरीत केल्या आणि घरी आणल्या. यातल्या बारा घासायच्या, बारा तशाच ठेवायच्या. बाबांनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी नाई हात लावत," ते म्हणाले. "माह्या गलतीपायी तुह्यी डिग्री अडकून राहिली. लिहून दे ना त्यायच्या नावानं. चाळीस वर्सं मी घासलं अन् शिक्का शेठचा बसला. आणखी एक डाव बसला त का होते?"

"काहीच होत नाही, म्हणूनच तर बसवतात!" माझा आवाज चढला, मग मी तो उतरवला. त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. "बाबा, त्या दिवशी मी लय वंगाळ बोलली. माफ करा मले. पन तुमच्या हातचं काम मी दुसऱ्याच्या नावानं लिहनार नाई. डिग्री राहो नाई तं जावो."

बाबा उठले, फडकं आणलं, पॉलिशचा कागद आणला. मी मोजत गेले आणि ते घासत गेले, प्रत्येक चकतीवर बरोबर चार हात. बारा झाल्या. मग त्यांनी एक चकती उलटी केली आणि हळूच विचारलं, "मागून पाह्यते का कोनी?"

"नाई. पेशी वरच्या अंगाले राह्यतेत."

ते आत गेले आणि भांड्यांवर नावं टाकायची बारीक छिन्नी घेऊन आले. आयुष्यभर लोकांच्या लेकीबाळींची नावं लोट्यांवर टाकली त्यांनी. चकतीच्या पाठीवर टक टक करत त्यांनी बारीक बारीक ठोके मारले. मी उचलून पाहिलं. 'यादो'.

पण मॅडमचं 'मोजून-मापून' आठवलं, आणि ते मला बोलावंच लागलं. "बाबा, असं नाई चालत."

त्यांनी छिन्नी झटकन खाली ठेवली. "आणखी गलती झाली का वं?"

"एकीवरच टाकलं ना. सगळ्या सारख्या पायजेत, न घासलेल्या बी. चोवीसच्या चोवीसवर टाका."

"चोवीसवर?"

"एकबी सोडू नका."

बाबांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला आणि दुसरी चकती उलटी केली.