टाळणं आणि राहून जाणं

शलाका अंबरनाथच्या नर्सिंग कॉलेजात शिकवता शिकवता एम.एस्सी. करत होती. नर्सच्या हातून कोणती शुश्रूषा सुटते हे विचारणारी, वॉर्डसाठी बनलेली एक इंग्रजी प्रश्नावली होती. ती ऑपरेशन थिएटरसाठी मराठीत आणायची आणि तिच्यातून खरं कळतं का ते तपासायचं, हे तिचं काम. 'पेशंटला वेळेवर भरवायचं टाळता का' हा प्रश्न ओटीत काय कामाचा? तिथला पेशंट उपाशीच असतो. तो काढून तिने भूल चढेपर्यंत जवळ थांबणं, अंग झाकणं असले प्रश्न घातले.

उल्हासनगरच्या एका खाजगी हॉस्पिटलातून फॉर्म भरून आले. सगळ्या उत्तरांवर एकच खूण: 'कधीच नाही.'

"एवढी आदर्श ओटी? मग माझं हर्नियाचं तिथेच करून घेतो," गाईड नरेंद्र सर म्हणाले. "आधी जाऊन बघून ये."

ती गेली. त्या सकाळी एकामागून एक केसेस होत्या. टेबलावरची बाई एसीत कुडकुडत होती. इन्चार्ज संजीवनी सिस्टर हत्यारं मांडत होत्या, दुसरी नर्स रक्ताची पिशवी आणायला पळाली होती.

"ताई, थंडी वाजते," बाई पुटपुटली.

शलाकाने चादर ओढून तिला झाकलं आणि भूल चढेपर्यंत तिचा हात धरला.

नंतर चहा घेताना संजीवनी सिस्टर म्हणाल्या, "बरं केलंस. राहूनच गेलं गं."

"मग फॉर्मवर 'कधीच नाही' का लिहिलंत?"

"तू विचारलंस, काळजी घ्यायचं टाळता का? मी नाही टाळत. राहून जातं, ते वेगळं. आणि वर नावाचा रकाना!"

शलाकाने नावाचा रकाना काढला, प्रत्येक प्रश्न बदलला: 'तुमच्या ओटीत हे राहून जातं का? कशामुळे?' या वेळी उत्तरं वेगवेगळी आली. काही दिवसांनी त्याच नर्सना पुन्हा विचारलं, तेव्हाही एकूण उत्तरं बरीचशी तशीच आली. सरांनी मान डोलावली.

उत्तरांची गोष्ट कानावर येताच हॉस्पिटलचे मॅनेजर भगवंत यांनी मात्र शलाका आणि संजीवनी सिस्टरांना बोलावून घेतलं. "कोणी काय लिहिलंय?"

"नावं घेतलीच नाहीत, सर," शलाका म्हणाली.

"अंदाजाने सांगा."

"अंदाज कशाला, साहेब?" संजीवनी सिस्टर म्हणाल्या. "मी लिहिलंय. सकाळी एक नर्स जास्त द्या, मग परत विचारा."

पुढच्या महिन्यात सकाळच्या पाळीला एक जादा नर्स आली, तीही कंत्राटी. संजीवनी सिस्टर त्यावरही करवादल्या. शलाकाला मात्र तेवढ्यानेच हायसं वाटलं.