राळेची वडी

समजा हं, मुलांनो, तुमच्या हातात आत्याच्या व्हायोलिनचा गज आहे. शेजारच्या खोलीत आत्या झोपली आहे आणि गज मुका झालाय. तोही तुमच्यामुळे! काय कराल? भिंगरीचं अगदी तस्संच झालं होतं.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला तसंच म्हणत. हात मोडल्यापासून आत्याचं वाजवणं बंद होतं. आता हात बरा झाला होता आणि त्याच संध्याकाळी वाद्यवृंदातली आपली जागा परत मिळवायला ती वाजवून दाखवणार होती. भिंगरीला वाटलं, आपणही काही मदत करावी. गजाचे केस बघते तर पांढऱ्या भुकटीने माखलेले.

"शी, किती ही धूळ!"

पेटीत मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी एक वडी होती. गजाचा खास साबण असणार! तिने ती मगातल्या कढत पाण्यात टाकली. फेस काही येईना. उलट वडी मऊ पडून बुडाला जी चिकटली, ती चिकटलीच. मग भिंगरीने न्हाणीतल्या साबणाने गजाचे केस लख्ख धुतले, पंख्याखाली वाळवले आणि हळूच तारेवर गज ओढला. ओल्या फरशीवरून पाय घसरावा तसा तो घसरत गेला. आवाज म्हणून नाही.

पेटी उचलून ती जिन्याखालच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात धावली.

"काका, गज मेला!"

"मेला? बघू तरी." काकांनी केसांना बोट न लावता गज उजेडात धरला. "अगं बये! याला आंघोळ कुणी घातली?"

भिंगरी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

"ती धूळ नव्हती गं, राळ होती. पाइनच्या झाडाला खाच पाडली की चीक गळतो. तो तापवून त्यातलं टर्पेंटाइन काढून घेतलं की मागे उरते ती राळ. हे केस घोड्याच्या शेपटीचे, गुळगुळीत. राळ लावली की ते तारेला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. तेव्हा कुठे तार बोलते."

"मग आता?"

काकांनी डबी पुढे ओढली. रेडिओच्या तारा डाख देऊन जोडताना ते तापलेली सळई तिच्यातच बुडवत, आणि दुकानभर जंगलासारखा वास सुटे. "ही बघ, हीसुद्धा राळच." जळकी बाजू सोडून त्यांनी एक स्वच्छ तुकडा काढला. काच फुटावी तसा तो कट्कन निघाला.

भिंगरी गजावर तो चोळत सुटली. "लागतच नाहीये!"

"नवा तुकडा असाच, काचेसारखा. धीर धर जरा. आधी पॉलिश पेपरने तुकड्यावर ओरखडे पाड."

ओरखडे पडले, भुकटी सुटली. भिंगरी चोळत राहिली, हात भरून आले तरी. मग गज तारेवर ठेवला. आधी किरकिर झाली, आणि मागोमाग एक सूर निघाला!

"वाजला! आता आत्याला कळणारच नाही."

काका हसले नाहीत. "ही डाखाची राळ आहे, बाळ. तिच्या वडीसारखा मऊ आवाज हिला येणार नाही."

"पण सांगितलं तर ती ओरडेल."

"ओरडेल ना. पण न सांगता तिला पाठवलंस, तर तिकडे चारचौघांत आवाज खरखरेल आणि तिला काय वाटेल? आपला हातच अजून बरा झाला नाही."

भिंगरीने पेटी बंद केली आणि ती जिना चढली. आत्याने लावलेला गजर व्हायला अजून अवकाश होता. तिने आत्याच्या उशाशी पेटी ठेवली. पेटीवर तो मग ठेवला, बुडाला चिकटलेल्या वडीसकट. आणि आत्याचा बरा झालेला हात धरून तिला हळूच हलवलं.