सोमवारी आप्पा बँकेत येणार होते

बँकेतल्या त्या चष्मेवाल्या कारकुनाला मी अजून शिव्या घालते. घालणारच की. लुगड्याच्या ओच्यात पैसं घेऊन मी पायऱ्या चढून गेलते, तर त्यानं आधी माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं. म्हणाला, "खातं उघडायचं तर ओळख द्यायला आमचा एखादा खातेदार आणा. कुणीही उठून आलं तर कसं चालेल?" आता धुणीभांडी करणाऱ्या तानाबाईला कुठला खातेदार वळखणार? आमच्या गल्लीतलं कुत्रं बी कधी बँकेत गेलं न्हवतं.

एकच होते, आप्पा मास्तर. माझी हौसा रांगत होती तवापासनं मी त्यांच्याकडं कामाला. ते म्हणाले, "तानाबाई, सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर. तोवर तुझा पैशांचा डबा आमच्या कपाटात ठेव. तुझ्या खोपटाला धड कडी नाही."

पैसं हौसासाठी साठवल्यालं. नवऱ्यानं चुलीतल्या लाकडानं पाठ फोडून तिला हाकलून दिली होती. शिलाई मशीन घेतलं की पोरगी चार पैसं मिळवंल, त्या मेल्याच्या दारात परत जायाला नको, एवढंच माझं म्हणणं. माझ्या पोराला, कृष्णातला, डब्याचं सांगितलं न्हवतं. त्यानं टोळक्यासंगं कधीच उडवून टाकलं असतं.

शनिवारी गावभर झालं, गांधीजींना मारलं. मारणारा बामन, म्हणून माणसं बामनांची घरं जाळत सुटली. मी पळत आप्पांकडं गेले. दार कुऱ्हाडीनं फोडल्यालं. वैनी पोरांना घेऊन परसदारानं निसटल्या होत्या, पण आप्पा अंगणात सापडले. चौघं त्यांना लाथा घालत होते. तोंड रक्तानं भरल्यालं, दात मातीत पडल्यालं. मी त्यांच्यावर आडवी पडले. एक लाथ माझ्या बरगडीत बसली, श्वासच अडकला. तेवढ्यात घरातनं रॉकेलचा वास आला आणि मला डबा आठवला.

आत घुसले. कपाटाला हात लावते तोवर तोंडाला फडकं बांधलेल्या एकानं अंबाड्याला धरून मला मागं ओढलं. मी त्याच्या हाताचा लचकाच तोडला. त्यानं कानफटात ठेवून दिली. झटापटीत त्याचं फडकं सुटलं.

कृष्णात.

"आये, तू हितं कशाला मरतीस? चल भाईर."

"कपाटात हौसाचं पैसं हायती रं."

ऐकलं न्हाय त्यानं. फरफटत दाराबाहेर नेऊन फेकलं मला, आणि काडी ओढली. माझ्याच पोटचा.

आप्पा जगले. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळ्यांना घेऊन भावाकडं बेळगावला गेले. राखेत मी नखं मोडूस्तोवर उकरलं. नोटा गेल्या, थोडं रुपये काळं होऊन घावलं. तेच घेऊन सोमवारी बँकेत गेले.

"ओळख देणारा आणला का?" कारकून म्हणाला.

"व्हता एक," मी म्हटलं.

"मग त्याला घेऊन या." आणि मी हलंना तशी पट्टेवाल्यानं दंडाला धरून मला पायऱ्यांवरनं खाली ढकललं.

घरी आले तर कृष्णात हाताला चिंधी गुंडाळून बसल्याला. "आये, भूक लागलीया, वाढ."

मी ताट मांडलं आणि काळं रुपये त्यात ओतलं.

"हे काय?"

"हौसाचं मशीन हाय. खा."

तो ताटाकडं बघत बसला. त्याच्या पाठीमागं हौसा गठुडं बांधत होती, नवऱ्याकडं परत जायाला.