बंद न पडणारी गाडी

डेनिसचा फोन येत नाही म्हणून माझ्या नवऱ्याला आधी आनंद झाला आणि मग संशय आला. चेस्टरच्या बाबतीत या दोन गोष्टींत फारसं अंतर नसतं.

डेनिस आमची एकुलती एक मुलगी. अॅन आर्बरच्या हॉस्पिटलात नर्स आहे, राहतेही तिकडेच, इथून तासाभरावर. तिच्याकडची गाडी चेस्टरने स्वतःच्या हाताने उभी केलेली. सांगाडा भंगारवाल्याकडचा आणि आठ सिलिंडरचं इंजिन आमच्याच मोटारींच्या कारखान्यातलं, जिथे हा लग्नाआधीपासून राबतोय. निळी, लांबलचक गाडी. सुरू केली की माझ्या कपाटातल्या बशा वाजायच्या आणि चेस्टर डोळे मिटून तो आवाज ऐकत उभा राहायचा. माझा आवाज ऐकून त्याने कधी डोळे मिटले असतील तर ते झोप आली म्हणून.

गाडी देखणी होती, पण लहरी. आठ-पंधरा दिवसांत कुठेतरी मान टाकायचीच. मग फोन वाजायचा, चेस्टर ओरडायचा, "पुन्हा पेट्रोल पाजून पाजून बुडवलंस ना इंजिन? किती वेळा सांगितलं, पाय हलका ठेव!" हे ओरडताना त्याचा एक पाय बुटात गेलेलाही असायचा. अवजारांची पेटी, कॉफीचा थर्मास घेऊन जायचा आणि कान लाल करून, हसत परत यायचा. येताना माझ्यासाठी बातम्या आणायचा. डेनिसचं त्या दातांच्या डॉक्टरशी ठरलेलं लग्न मोडलं, हे तिने मला नाही, त्याला सांगितलं. रस्त्याच्या कडेला, बॉनेटखाली डोकं घालून, हातात टॉर्च धरून. समोरासमोर बसवून विचारलं की ही मुलगी 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणते. बापावरच गेलीय.

तर त्या हिवाळ्यात फोन यायचा थांबला.

शनिवारी आमच्या मागच्या गल्लीत गॅरेजं उघडतात आणि सगळे गाडीवेडे जमतात. आमच्या हॅमट्रॅमक गावातले निम्मे पुरुष चर्चमध्ये कमी आणि बॉनेटखाली जास्त वाकतात. प्रत्येकाच्या गाडीखाली पुठ्ठा सरकवलेला असतो. गाडी मागे घेतली की पुठ्ठा ओढायचा आणि त्यावरचे डाग बघून निदान करायचं. हे तेल, हे गिअरबॉक्सचं, हे पाणी. एकमेकांचे पुठ्ठे बघून टोमणे मारणं हा त्यांचा खेळ. त्या शनिवारी चेस्टरची छाती फुगली होती.

"अख्खा जानेवारी गेला," तो शेजारच्या बर्नी मालेकला सांगत होता. "एकदाही बंद नाही. याला म्हणतात इंजिन. तुझ्या त्या जपानी गाड्या, नुसत्या शिलाई मशिनी, काय टिकतील?"

"माझ्या कुठल्या?" बर्नी भडकला. "माझा भाऊ नोकरी जाऊन घरी बसलाय त्यांच्यापायी!"

हे खोटं नव्हतं. कारखान्यातली तिसरी पाळी बंद झाली होती, आमच्या रस्त्यावर तीन घरं विकाऊ होती. कारखान्याच्या आवारात परदेशी गाड्यांसाठी पार पलीकडच्या कुंपणाशी जागा होती, तिथून चालत येताना सगळे बघायचे. एकाने हट्टाने दाराजवळ गाडी लावली, तर संध्याकाळी तिच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिळ्याची रेघ होती. कोणी केलं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत एकदा जेवताना चेस्टरचा घास तोंडातच थांबला.

"लॉटी, एव्हाना बॅटरी बसायला हवी होती."

"नाही बसली. चांगलंच आहे की."

"आणि पाण्याचा पंप. तो मी जुनाच लावला होता. या थंडीत तो टिकणं शक्यच नाही." त्याने काटा खाली ठेवला. "कुणीतरी आहे."

"कोण?"

"कुणीतरी दुसरा बॉनेट उघडतोय तिचं."

"लग्न करणारा असेल तर उघडू दे बाबा."

"लग्न करणारा असता तर मला एवढं लागलं नसतं," तो म्हणाला. "मेकॅनिक असणार."

मला हसू आलं, पण रागही आला. "गल्लीत तर छातीठोकपणे सांगतोस की ती कधी बंदच पडत नाही."

"ते बर्नीला सांगायचं असतं," चेस्टर म्हणाला. "बनवलीय मी. मला माहीत नाही होय?"

त्यानंतर तो मुलीवर पोलिसासारखी नजर ठेवू लागला. ती दर रविवारी जेवायला यायची आणि पायी यायची. गल्लीत बर्फ आहे म्हणून गाडी चर्चमागे लावली, असं सांगायची. बर्फ होताही. पण ती वेळेवर यायची, हे काही मला पटेना. डेनिस जन्मलीसुद्धा उशिरा. चेस्टर बटाटा भरून उकडलेल्या पिरोगींची थाळी तिच्याकडे सरकवायचा आणि तिची नखं बघायचा. स्वच्छ. आधी कडेला जरा तरी काळं असायचं. मी तिचा कोट टांगताना बाहीचा वास घेतला. साबणाचा वास आला. मीही काही कमी नाही.

मार्चमधल्या एका रविवारी तो जेवता जेवता उठला आणि दारामागचा नवा पुठ्ठा काखेत घेतला. "तुझ्या गाडीखाली सरकवून येतो. फादरच्या अंगणात तेलाचं तळं नको."

डेनिसचा चमचा हवेतच राहिला. "पपा, बस ना. निवतंय सगळं."

"आलोच."

लगेच परत आला. पुठ्ठा काखेतच.

"सापडली नाही का गाडी?" मी विचारलं.

"सापडली," तो म्हणाला आणि बीटची कोशिंबीर अशी खायला लागला, जणू जन्मात पहिल्यांदाच बघतोय. बीट त्याला आवडत नाही. डेनिस त्याच्याकडे बघत होती, तो बीटकडे. मी दोघांकडे बघत होते आणि माझा संताप संताप होत होता. माझ्याच टेबलावर, माझ्याच हातचं खाऊन, ही दोघं काहीतरी गिळून बसली होती.

पुढच्या रविवारी मी म्हटलं व्हॅनिला संपलंय, आणि निघाले थेट चर्चमागे.

तिथे निळी गाडी नव्हतीच. मोहरीच्या रंगाची एक छोटी जपानी गाडी होती आणि तिच्या पुढच्या सीटवर मी विणलेली उशी. डेनिसची कंबर दुखते म्हणून मी नाताळात दिलेली. इंजिन बनवणाऱ्या माणसाची मुलगी! त्यात वाईट म्हणजे गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

"कोण आहे रे तिथे?"

खाडकन डोकं आपटल्याचा आवाज आला आणि बर्नी मालेक सरपटत बाहेर आला. "लॉटी! माझी किल्ली पडली होती."

"किल्ली तुझ्या पट्ट्याला लटकतेय."

त्याने किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि थापा मारायचं सोडून दिलं. "इकडे ये. खाली वाक. काय दिसतंय?"

"काही नाही."

"तेच तर!" तो कुजबुजला. "तीन रविवार बघतोय. एक थेंब नाही. हे बरोबर नाही, लॉटी. गाडी म्हटल्यावर कुठूनतरी गळायलाच हवी."

"तेलच भरलं नसेल."

"मलाही आधी तसंच वाटलं." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कुणाची आहे माहितेय?"

मी उशी दिसणार नाही अशी खिडकीला पाठ लावून उभी राहिले. "नव्या फादरची असेल."

"बरं. मग फादरना जरा विचारशील का, एका टाकीत किती पळते?"

"तुला कशाला?"

"मला नाही. शेजाऱ्याला हवंय." बर्नीचा शेजारी म्हणजे आम्ही. जाता जाता त्याने गाडीच्या दिव्यावरची धूळ कोटाच्या बाहीने हळूच पुसली. आपल्याला कुणी बघत नाही अशी त्याची समजूत होती.

डेनिस गेल्यावर मी स्वयंपाकघरात चेस्टरला धरलं.

"मी बघून आले. मोहरीच्या रंगाची."

तो बशा पुसत राहिला.

"बोल तिला. ओरड, भांड, काहीतरी कर. आणि मग तिला म्हणावं आण दारात. बर्फात लपतछपत येते पोर, आपली मान खाली जाऊ नये म्हणून."

"मान गेली खड्ड्यात," चेस्टर म्हणाला. "बर्नीचा काय, मी बंदोबस्त करीन. मी ती गाडी बघितली, लॉटी. झाकण उघडून बघितली. कुलूप लावत नाही ती. एवढुसं इंजिन, चार सिलिंडर. तारा अशा बसवल्यात की माझं बोट जाईना." त्याने पुसलेलीच बशी पुन्हा पुसायला घेतली. "मी दोष शोधत होतो. अर्धा तास मिळाला असता तरी सापडला नसता."

"मग चांगलंच आहे ना? पोर हायवेवर कुडकुडत उभी राहणार नाही."

"ती बंद पडणार नाही," तो म्हणाला. "तुला कळतंय का मी काय म्हणतोय ते? ती कधीच बंद पडणार नाही."

मला कळलं. त्या क्षणापर्यंत मी त्याच्यावर चिडले होते, आता कुणावर चिडावं ते समजेना. एवढ्या मोठ्या माणसाला मुलीशी बोलण्यासाठी एक बिघाड लागत होता, आणि जपानमधल्या कुणीतरी तो दुरुस्त करून ठेवला होता.

त्यानंतरच्या रविवारी पिरोगी उकळत असताना तो म्हणाला, "सिगारेट आणतो." चर्चचे चाळीस दिवसांचे उपवास चालू होते, त्यासाठी त्याने सिगारेट सोडली होती. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, डेनिसने खिडकीबाहेर पाहिलं. परत आला तो सिगारेटशिवाय, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या मोरीत गॅरेजमधल्या खरखरीत साबणाने हात धुवायला लागला. हे काम तो घरात कधीच करत नाही, मी ओरडते म्हणून. त्या दिवशी मी ओरडले नाही. मला फार वाईट शंका आली होती.

डेनिस कॉफी पिऊन, आमच्या गालांचे पापे घेऊन गेली. चेस्टर गॅरेजमध्ये गेला नाही. टेलिफोनशेजारच्या खुर्चीवर बसला. थर्मास भरलेला होता.

"चेस्टर, बूट कशाला घातलेस?"

"पाय गार पडलेत."

"काय करून आलास तू?"

"काही नाही."

फोन वाजला. तो दचकला, उठला आणि हात मागे बांधून उभा राहिला. "तू घे," म्हणाला. तोंड उतरलं होतं. मजा वाटत असावी असं अजिबात दिसत नव्हतं.

"ममा, मी चर्चच्या ऑफिसातून बोलतेय," डेनिस म्हणाली. "गाडी सुरू होत नव्हती."

"गाडी सुरू होत नाहीये!" मी मोठ्याने म्हटलं. चेस्टरने पेटी उचलली.

"होत नव्हती. आता झाली. बॅटरीची पट्टी सुटलेली होती, मी बसवली. पाना असतो माझ्याकडे. पपानेच दिलाय."

"तिने स्वतःच बसवली म्हणे," मी म्हटलं. पेटी खाली गेली. असं दोन मिनिटांत म्हातारं झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"ममा, ऐक. चोर असता तर त्याने बॅटरी नेली असती. जपानी गाडीवर दात असणारा असता तर तार कापली असती, खिळा ओढला असता. याने काय केलंय माहितेय? पट्टी सोडवून फडक्यात गुंडाळून ठेवलीय, ठिणगी उडू नये म्हणून. आणि आजूबाजूचा गंजही पुसलाय."

"फडकं कसलं?"

"पिवळ्या फुलांचं. तुझ्या जुन्या झग्याचं."

मी तोंडावर हात दाबला. हसू येत होतं की रडू, मलाच कळत नव्हतं.

"तो आहे का तिथे?"

"भिंतीकडे तोंड करून उभा आहे."

डेनिस म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं गं. पण त्याने तीन उन्हाळे त्या इंजिनात घातले. कसं सांगू की मी ती भंगारात दिली? आणि मला वाटलं, तो सुटला. रात्री-बेरात्री बर्फात यायचा त्रास वाचला त्याचा."

"त्रास," मी म्हटलं. "गाढव आहात दोघंही."

"त्याला सांग," डेनिस म्हणाली, आणि तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला, "गाडी चालू आहे. तरी ये म्हणावं."

मी रिसीव्हर बाजूला धरून जसंच्या तसं सांगितलं. चेस्टरने पेटी उचलली, परत ठेवली. थर्मास उचलला, तोही ठेवला. हातात काय घ्यावं ते त्याला सुचेना. काही बिघडलेलं नसताना मुलीकडे कसं जायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी मी उरलेला केक कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.