दाबा ना, सुरेखाबाई!

मित्रांनो, इकडं बघा! टेबलावर लाल डोकं वर काढून बसलेला, कडेचा रंग उडालेला, दाबला की आधी खरखरणारा आणि मग टूंऽऽ करून ओरडणारा बझर दिसतोय ना, तो मी. मैत्रिणींनो, तुम्हीही सरका जरा पुढं, कारण माझ्या या गोष्टीत तुमच्याच वयाची एक मुलगी आहे. ती मला कधीच भेटलेली नाही. तरी तिच्यापायी माझा जीव असा टांगणीला लागला होता की काही विचारू नका!

माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्यातला. तेव्हा मी बझर नव्हतो. पत्रा कापणाऱ्या भल्यामोठ्या यंत्राच्या छातीवरचा लाल खटका होतो मी. काही भलतंच झालं की मला दाबायचं आणि यंत्र जागच्या जागी बंद! म्हणजे माझी ऐट बघा, सगळे माझ्याकडं आदरानं बघायचे, पण हात कुणी लावायचा नाही. एकदाच कडुबा नावाच्या कामगाराची बाही आत ओढली गेली. शेजारच्यानं माझ्यावर अशी थाप मारली की माझं डोकं कायमचं जरा वाकडं झालं, पण कडुबाचा हात वाचला. त्या दसऱ्याला यंत्राच्या पूजेत पहिलं हळदकुंकू मला लागलं होतं. काय सांगू, नुसता झळकत होतो मी!

पुढं नवी यंत्रं आली आणि मी भंगारात गेलो. तिथून सत्यम नावाच्या वायरमननं मला उचललं, एका लाकडी खोक्यात बसवलं, खोक्यात भोंगा घातला आणि क्रांती चौकातल्या एका टीव्ही वाहिनीला देऊन टाकलं. थांबवायची सवय असलेला मी आता ओरडायला शिकलो. पोरांच्या प्रश्नमंजूषा झाल्या, टाळ्या झाल्या. मग कार्यक्रम बंद पडला आणि मी वायरींच्या गुंत्याखाली एका पेटीत जाऊन पडलो. अंधार, धूळ आणि माझ्यावरच संसार थाटून बसलेली एक पाल. फार वाईट दिवस होते ते.

आणि मग यंदा ‘उत्तर द्या, गुरुजी!’ सुरू झालं. फक्त शिक्षकांची स्पर्धा, थेट प्रक्षेपण! मला पुसलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्यामागं येऊन बसले कन्नडकडच्या एका खेड्यातल्या शाळेतले दोघं. मराठी-इतिहास शिकवणाऱ्या सुरेखाबाई साळवे आणि गणित-विज्ञानाचे बद्रीनाथ सर.

सरांचं डोकं विजेसारखं चालायचं, पण हातही तसाच! पहिल्याच फेरीत सूत्रसंचालक माऊली नुसतं “नमस्कार मंडळी” म्हणाले आणि सरांनी मला दाबलं.

“सर, अजून प्रश्न यायचाय,” माऊली हसत म्हणाले.

“मग लवकर आणा की,” सर गुरगुरले.

तेव्हापासून ठरलं, मला दाबायचं ते सुरेखाबाईंनी. आणि मित्रांनो, इथंच माझा छळ सुरू झाला. कारण बाई दाबायच्याच नाहीत! वर्गात पोरांना रोज सांगायच्या ना, ‘प्रश्न पुरता ऐका, मगच हात वर करा’, तर स्वतःही तश्शाच बसायच्या. हात मांडीवर, मान जराशी तिरकी, प्रश्न अगदी पूर्णविरामापर्यंत ऐकणार. तोवर समोरचा संघ उत्तर देऊन पाणी पिऊन मोकळा!

“बाई, दाबा ना! काय मुहूर्त बघताय व्हय?” सर दातओठ खात पुटपुटायचे.

“प्रश्न तर होऊ द्या हो सर.”

“प्रश्न होईल, अन् आपण बी होऊन जाऊ!”

कसेबसे, धापा टाकत, ते अंतिम फेरीत पोचले. त्या दिवशी दोघं लवकर आले. स्टुडिओत कुणीच नव्हतं. बाईंनी माझ्याशेजारीच डबा उघडला, पण भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

“सर, काल वस्तीवर गेले होते. सृष्टीच्या घरी.”

“काय म्हणते तिची आई?”

“म्हणते, येष्टी बंद झाली, घाटातून पोरगी एकटी कशी धाडू? आता घरीच राहू दे. अन् सर...” बाईंनी तुकडा परत डब्यात ठेवला. “रविवारी तिला बघायला पाहुणे येणारेत. आठवीतली पोरगी हो!”

सरांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. मग एवढंच म्हणाले, “आज गाडी घेऊनच जायचं.”

कारण पहिलं बक्षीस काय होतं माहितेय? शाळेसाठी गाडी! मुलांना घरून आणायला आणि घरी सोडायला. ती मिळाली तर सृष्टी सोमवारपासून वर्गात. नाही मिळाली तर... मला पुढचा विचारच करवेना. मला हात असते तर मी स्वतःच स्वतःला दाबलं असतं!

समोरच्या टेबलावर पैठणचा संघ होता. त्यांच्याकडून दाबायला अमृता मॅडम होत्या. नोकरीला लागून फार दिवस झाले नसावेत, ओढणीचं टोक सारखं बोटाला गुंडाळत होत्या. पण बोट? बोट म्हणजे चिमणीची चोच!

“गोदावरीवर पैठणजवळ...” माऊलींनी सुरुवात केली.

टूंऽऽ! समोरचा बझर. “नाथसागर!”

बरोबर. पैठणकरांना नाथसागर विचारायचा म्हणजे काय! सरांनी कपाळावर हात मारला. पुढचा प्रश्नही त्यांचाच. त्याच्या पुढचाही. बाई मात्र प्रत्येक प्रश्न मन लावून ऐकत होत्या, जणू कुणी त्यांना गोष्टच सांगतंय.

“बाई, हात जोडतो तुम्हाला. त्या पोरीचं तोंड आठवा अन् दाबा!”

बाईंचा हात माझ्यावर आला.  माझी आतली स्प्रिंग ताठ झाली.

“महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर...”

टूंऽऽ! पुन्हा समोरचा. “कळसूबाई!” अमृता मॅडम ओरडल्या.

“चूक!” माऊली म्हणाले. “प्रश्न असा होता मॅडम, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई कोणत्या तालुक्यात आहे? हं, साळवे मॅडम?”

“अकोले,” बाई शांतपणे म्हणाल्या. सर खुर्चीतून अर्धे उठले! तिथून डाव फिरला, बरं का. अमृता मॅडम बिचकल्या, त्यांचं बोट मागं राहायला लागलं. बाईंनी पूर्ण प्रश्न ऐकून एकेक उत्तर दिलं आणि मी असा ओरडलो, असा ओरडलो की छतावरचे दिवे हलले असतील! शेवटी दोन्ही संघ बरोबरीत.

“आता एकच प्रश्न,” माऊली म्हणाले. “जो उत्तर देईल, गाडी त्याची. पहिल्याला नाही आलं तर दुसऱ्याला संधी.”

त्यांनी चिठ्ठी उघडली.

“अजिंठ्याची लेणी कोणत्या नदीच्या काठावर आहेत?”

टूंऽऽ!

समोरचा. अर्ध्या श्वासानं, मित्रांनो! बाईंचा तळवा माझ्यावर पडतच होता.

अमृता मॅडमनी तोंड उघडलं. पण आवाजच येईना. ओठ हलत होते, डोळे भरून आले होते. उत्तर त्यांना येत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण कळसूबाईच्या धसक्यानं गळ्यातच अडकलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. सरांनी टेबलाची कड घट्ट पकडली होती. बाईंना उत्तर येतच होतं. दर सहलीला त्या पोरांना ती नदी वरून दाखवायच्या! आता काहीच करायचं नव्हतं. मला दाबायचंसुद्धा नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प, बाई, गप्प! मी माझ्या वाकड्या डोक्यानं विनवण्या करत होतो.

बाई पुढं झुकल्या. भुवया वर गेल्या. आणि फळ्यापाशी अडलेल्या पोरीला म्हणावं तसं, अगदी हळू, त्यांच्या तोंडून निघालं, “हं... वा... वाघ... पुढं?”

“वाघूर!”

बाईंनी चटकन तोंडावर हात ठेवला. खूप उशीर झाला होता.

गोंधळ उडाला. परीक्षक एकमेकांकडं बघायला लागले. आपल्या संघातल्यानं सुचवलं तर उत्तर बाद, असा नियम होता. पण समोरचाच सुचवील, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं! बराच खल झाला आणि उत्तर ग्राह्य धरलं. गाडी पैठणला गेली.

दिवे मालवले, कॅमेरे बंद झाले. अमृता मॅडम येऊन बाईंच्या हाताला धरून रडल्या. “मॅडम, मला काय बोलावं तेच कळंना,” म्हणाल्या. बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांना त्यांच्या लोकांत पाठवून दिलं.

मग सर बोलले. “बाई, ती काय आपल्या वर्गातली पोरगी होती?”

“तिचं तोंड उघडलं होतं हो सर, अन् शब्द येत नव्हता. मला नाही बघवत.”

“अन् सृष्टीचं बघवतंय?”

बाईंनी माझ्यावर कपाळ टेकलं. मी ओरडलो नाही. वायर काढली होती, आणि ती नसती काढली तरी मी ओरडलो नसतो. त्यांचे अश्रू माझ्या फटीतून आत गेले. सर उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. आपण जास्त बोललो हे त्यांना कळलं होतं, पण शब्द परत कसे घेणार?

तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. सृष्टीची आई! बाईंना तो उचलवेना. शेवटी सरांनीच बटण दाबून फोन टेबलावर, माझ्याशेजारी ठेवला.

“बाई? आयकू येतंय का?”

“येतंय ताई. गाडी नाही मिळाली. माझ्याच चुकीनं...”

“बघितलं आम्ही. समद्या वस्तीनं बघितलं. सृष्टीचे पप्पा लई हासले. म्हणले, ही बाई येडी हाय का, दुसऱ्याच्या मास्तरणीला उत्तर सांगती!” पलीकडं कुठंतरी शेळी ओरडली. “मग म्हणले, जिला परकी पोरगी अडलेली बघवत नाय, ती आपल्या पोरीला घाटात एकटी सोडणार नाय.”

बाईंनी डोकं वर केलं.

“गाडी नाय तर नाय. तुम्ही वस्तीच्या फाट्यापस्तोर येशाल का तिला घ्यायला? येशाल तर सोमवारी धाडते. पुढलं पुढं बघू.”

“अन् रविवारचे पाहुणे?”

“त्यास्नी चहा पाजून वाटंला लावते. त्याची काळजी नका करू.”

“मी येईन ताई,” बाई म्हणाल्या. “रोज येईन.”

“रोज एकट्या कशाला?” सर घसा खाकरत, फोनकडं न बघता म्हणाले. “एक दिवसाआड मी येतो म्हणावं. पण मी लवकर निघणारा माणूस हाय. पोरीला सांगा, तयार राहा.”

मित्रांनो, गाडी मिळाली असती तर बरंच झालं असतं, मी खोटं कशाला बोलू? घाट तसाच आहे, येष्टी अजून बंदच आहे आणि ‘पुढलं पुढं’ म्हणजे काय, ते मला ठाऊक नाही. आता कार्यक्रम संपलाय. मी परत पेटीत जाणार. माझी एवढीच विनंती आहे. मला ठेवताना जरा पुसून ठेवा, कोरड्यात ठेवा, माझी स्प्रिंग अजून चांगली आहे. आणि तुमच्या वर्गात कुणी तोंड उघडून नुसतंच उभं राहिलं, तर लगेच आपला हात वर करू नका. त्याला पहिलं अक्षर द्या.