मैनाची म्होरकी

मैना पडली ती सकाळी, पांजरपोळाच्या हौदापाशी. मागचा पाय घसरला, कडाडकन आवाज झाला, आणि स्टेशनापासून अंबाबाईच्या दारापर्यंत उभ्या मुलखाचे पावणे वाहिलेली ती तांबूस घोडी शेणामातीत आडवी झाली. ऊन वर चढलं तशा माश्या आल्या. झुंबरबाई पदरानं हाकलत बसली. इथल्या थकल्या-भागल्या जनावरांची वैरण करण्यात तिची उमर गेलेली. कुठलं कण्हणं उठण्याचं आणि कुठलं न उठण्याचं, ते तिला कळत होतं.

जनावरांचे डॉक्टर जोतीराम आले. पाय चाचपून उठले.

"मांडीचं हाड गेलंय, आक्का. हे जुळत न्हाय. अशीच पडून कुजत मरंल. सुई देतो, निवांत झोपंल."

"द्या की मग!"

"न्हाय द्यायची." पांजरपोळाचे कारभारी बाळासो फाटकातनंच ओरडत आले. "या आवारात आजवर कुणी जनावर मारलेलं न्हाय."

"मग ही जगतीया व्हय? बघा की जरा तिच्याकडं."

बाळासोंनी बघितलं आणि मान फिरवली. माणूस दगडाचा नव्हता.

"आज मैना. उद्या वैरण तुटली की कोणतरी म्हणंल, ती म्हातारी गाय बी हाल सोसतीया, घालवा तिला. मी नसंन तवा कोण आडवणार, झुंबरबाई?"

बोलणं खोटं नव्हतं. दुष्काळात म्हाताऱ्या बैलांकडं कसल्या नजरेनं बघत होती माणसं, ते तिनं पाहिलं होतं. पण मैना कण्हली तशी ती ताठ उभी राहिली.

"खरं हाय तुमचं. म्हणून हे तुमी बी ठरवायचं न्हाय, आन मी बी न्हाय. जिच्या जाण्यानं ज्याचं काळीज तुटंल, त्यानं ठरवायचं. दस्तगीरला सांगावा धाडा. म्हणावं, म्होरकी घिऊन ये."

जनावर दुसऱ्याच्या हाती देताना तोंडावरची म्होरकी काढून मालकानं घरी न्यायची, ही रीत. रिक्षा आल्या, टांगा बसला, तेव्हा दस्तगीर टांगेवाल्यानं मैनाला इथं सोडलं होतं आणि ती दोरीची म्होरकी छातीशी धरून तो मागं न बघता गेला होता.

आज तो धापा टाकत आला आणि फाटकाशीच थबकला. म्होरकी तेलानं मऊ होती. त्याची बायको रोशनबी खुंटीवरनं काढून तिला तेल लावायची.

"मीच टाकली हिला, आक्का. आता कुठल्या तोंडानं येऊ?"

"हाय त्याच तोंडानं ये. म्होरकी घाल. घातलीस की ती तुझी. मग तू सांग. जगवा म्हणलास तर मी हितं बसून माश्या हाकलीन."

दस्तगीर मातीत बसला. म्होरकी पुढं होताच मैनानं आपणहून नाक आत घातलं, रोज सकाळी घालायची तसं. कान टवकारले. पुढचे दोन्ही पाय रोवले आणि ती उठायला गेली.

टांगा जुंपायचाय, असं वाटलं तिला.

धाडकन पडली. पुन्हा उठायला गेली.

"बस, माय, बस!" दस्तगीरनं तिची मान मिठीत दाबली. "सवारी उतरली. आता कुठं जायचं न्हाय." मग वर न बघता म्हणाला, "डॉक्टर, द्या."

बाळासो पुढं झाले. डॉक्टरांचा हात थांबला. पण बाळासोंनी डोक्यावरची टोपी काढली आणि मैनाच्या डोळ्यावर ऊन येत होतं तिथं सावली धरून उभे राहिले. डॉक्टरांनी सुई टोचली. झुंबरबाईनं घोडीच्या कपाळावर तळवा ठेवला. जात्यावरचा तिचा जाडसर सूर हळूच उमटला:

रस्त्यानं वाजतो टांगा, घुंगराचा येतो नाद
माझ्या ग मैनाला देव, अंगणातनं घाली साद

ओवी संपायच्या आत कान सैल पडले.

बऱ्याच वेळानं दस्तगीरचा हात सवयीनं म्होरकीच्या गाठीकडं गेला. झुंबरबाईनं तो धरला.

"राहू दे तोंडावर. आज कुणाच्या हाती दिली न्हाईस तिला."