मेण लावल्याची खूण

अठ्ठ्याण्णव साली नव्या मुंबईत कार्बन फायबरच्या गिटारी मोजून तीन होत्या. त्यातली तिसरी सुधीर राऊळची. तिला खोटी म्हणवत नाही, कारण वरून पाहिलं तर ती अस्सल कार्बनचीच होती. भानगड आत होती. आत सुधीरच्या मेव्हण्याची लाकडी गिटार होती, अख्खीच्या अख्खी, आणि ती बाहेर निघत नव्हती.

असं कसं होऊ शकतं, हा प्रश्न कुणालाही पडेल. सुधीरला तो चार महिने रोज सकाळी दाढी करताना पडत होता.

तो तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. तिथे कार्बनच्या काळ्या कापडाला रेझिनचा चीक चोपडून, ते साच्यावर चढवून, वाळवून पाइप आणि झाकणं बनवत. या धंद्यात अगदी पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट म्हणजे कापड चढवण्याआधी साच्याला मेण चोळायचं. मेण नसेल तर माल साच्याला जो चिकटतो तो जन्माचा. कारखान्यात मेण चोळायचं काम शिवरामचं. बारा वर्षं शिवराम मेण चोळत होता, आणि बारा वर्षं सुधीर त्याच्याकडे मान वर करूनही न बघता तक्त्यावर 'मेण लावले' या ओळीपुढे बरोबरची खूण करत होता. एकदाही चूक झाली नव्हती. शिवरामकडून, म्हणजे.

गिटारीचं खूळ डोक्यात शिरलं ते दाढेच्या वाटेने. वाशीला डॉक्टर क्षिप्रा गुप्ते यांच्या दवाखान्यात सुधीर आ वासून पडला होता, तेव्हा समोरच्या भिंतीवर एक काळी कुळकुळीत गिटार टांगलेली दिसली. हे कापड आपलंच, हे त्याने विणीवरून ओळखलं. तोंडात दोन बोटं आणि एक नळी असल्यामुळे त्याला बोलता येईना, पण डॉक्टरीणबाई त्याच्या डोळ्यांवरून समजल्या आणि बोलत सुटल्या. भावाने अमेरिकेतून पाठवली. ऊन लागो, दमट हवा लागो, हिला ढिम्म काही होत नाही. अशीच दुसरी घणसोलीच्या धर्मराज म्हात्र्यांकडे आहे, त्यांचा भाचा बोटीवर असतो, त्याने आणली. दोघं महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटतात आणि एकमेकांच्या गिटारी वाजवून बघतात. मंडळच म्हणा ना. नियम एकच, ज्याची स्वतःची कार्बनची गिटार असेल तोच सभासद.

"ई पण पणवतोय," सुधीर बधिर जिभेने म्हणाला.

मी पण बनवतोय, असं त्याला म्हणायचं होतं. तोवर तो काहीही बनवत नव्हता. पण शब्द तोंडातून गेला होता आणि दाढ भरेपर्यंत माघार घ्यायची सोय नव्हती.

आकारासाठी गिटार हवी होती. ती दिलीपकडे होती. दिलीप म्हणजे सुधीरच्या बायकोचा, वैजयंतीचा मोठा भाऊ, राहणार नेरूळ. ती गिटार त्याने पहिल्या पगारात घेतली होती आणि त्यानंतर कुणाच्या हाती दिली नव्हती. स्वतःच्या बायकोला, जयमालालासुद्धा ती फक्त पुसायला मिळायची. एकदा त्याच्या निखिलने, दोन वर्षांचा असताना, तिच्या भोकातून एक चिंचोका आत टाकला. तो काही केल्या निघाला नाही. तेवढा एक चिंचोका सोडला तर तिला परका हात लागला नव्हता. "चार दिवस द्या, नुसतं माप घेतो," असं सुधीर म्हणाला, आणि घरच्या जावयाला नाही कसं म्हणायचं म्हणून दिलीपने दिली.

बेत सरळ होता. तारा काढायच्या, गिटारीवर कार्बनचं कापड चढवायचं, वाळलं की कडेने कापून दोन्ही अर्ध्या भागांची सालं काढायची आणि ती एकमेकांना जोडायची. खांदेश्वरच्या दोन खोल्यांच्या घरात, गॅलरीत, सुधीरने हे सगळं अगदी कारखान्याच्या शिस्तीत केलं. तक्तासुद्धा केला. कापड कापले, खूण. रेझिन मिसळले, खूण. मेण लावले, खूण. फक्त गॅलरीत शिवराम नव्हता.

दुसऱ्या दिवशी सालं निघेनात. त्याने पातं लावलं, पेचकस लावला, गरम पाणी ओतलं. शेवटी तो तक्ता वाचायला बसला आणि तिसऱ्या ओळीशी आल्यावर गॅलरीतच आडवा झाला. वैजयंतीने पाणी आणून दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "अहो, हे दादाला तुम्ही सांगायचं. मी खोटं बोलणार नाही आणि खरंही सांगणार नाही."

सांगायला सुधीरची जीभ रेटली नाही. दिलीपचा फोन आला की तो म्हणायचा, "माप चाललंय." चार महिने माप घ्यायला गिटार काही एखाद्या टॉवरएवढी नव्हती. मधल्या काळात त्याने तिला पॉलिश केलं, आतून काळा रंग मारला, तारा चढवल्या. दिसायला ती इतकी देखणी झाली की अपराधाच्या भरातही त्याला तिचा अभिमान वाटायचा, आणि अभिमान वाटला की पुन्हा लाज वाटायची.

मग फेब्रुवारीतला पहिला रविवार आला आणि नव्या सभासदाची गिटार बघायला मंडळ त्याच्या घरी जमलं.

धर्मराज म्हात्रे पन्नाशीचे, अंगाने दणकट, गळ्यात सोन्याची साखळी. त्यांनी बसायच्या आधी पाण्याचा तांब्या मागितला, तो घेतला आणि सगळा स्वतःच्या गिटारीवर ओतला.

"बग, काय होतंय का हिला," ते म्हणाले. "खाडीची हवा, आमचे घरान लाकडाची गिटार दोन पावसाले नाय टिकली. हिला काय पन नाय."

गिटारीला काही झालं नाही. पाणी दिवाणाखाली गेलं. वैजयंतीने फडकं आणून धर्मराजांच्या हातात दिलं आणि त्यांनी मुकाट्याने फरशी पुसली.

"आता झडती," क्षिप्राबाई म्हणाल्या.

झडतीबद्दल सुधीरला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती मंडळाची रीत होती. लाकडी गिटारीला आतून पट्ट्यांचे टेकू असतात, ते सुटतात, खुळखुळतात. कार्बनला टेकू लागत नाही. म्हणून वाजवण्याआधी दुसऱ्याची गिटार उलटी धरून हलवायची, आवाज आला नाही की माना डोलवायच्या, आणि मग क्षिप्राबाईंनी पर्समधून दाताचा छोटा आरसा काढून भोकातून आत बघायचं. त्या आरशाने त्यांनी सकाळीच कुणाची तरी अक्कलदाढ पाहिली होती, पण उकळून घेतला होता.

"माझी नको," सुधीर म्हणाला. "म्हणजे, आधी खाऊन घेऊ. अळूवड्या निवतील."

अळूवड्या अजून तळायच्या होत्या. तेवढ्यात बेल वाजली. वैजयंतीने दार उघडलं आणि दारात दिलीप उभा.

"खांदेश्वरला एकाकडे आलो होतो," तो चपला काढत म्हणाला. "म्हटलं माप झालं असेल तर गिटार घेऊनच जावी."

त्या क्षणी सुधीरला वाटलं, धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं. पण दुसऱ्या मजल्यावर तीही सोय नव्हती. वैजयंती "मी वड्या बघते" म्हणून आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, सगळं नीट ऐकू येईल अशी उभी राहिली.

"गिटारवालेच सगळे," सुधीर घाईघाईने म्हणाला. "दिलीपदादा, बसा ना. आधी ऐका तर."

झडती टळावी म्हणून त्याने आपली गिटार उचलून थेट क्षिप्राबाईंच्या मांडीवर दिली. त्यांनी तार छेडली आणि त्या थबकल्या. पुन्हा छेडली. मग डोळे मिटून कान गिटारीला लावला.

"म्हात्रे, हे ऐका. हा आवाज आपल्या दोघांच्याही गिटारींत नाहीये."

धर्मराजांनी गिटार घेतली. "जड हाय," ते म्हणाले. मग वाजवली. "आयला, ही त लाकडावानी बोलतेय."

"एक्झॅक्टली," क्षिप्राबाई म्हणाल्या. "माझा भाऊ सांगतो, अमेरिकेत लोक कार्बनमधून लाकडाचा आवाज काढायला डोकं फोडतायत. सुधीर, तुम्ही तळोज्यात बसून काढलात. कसा काढलात?"

"थर," सुधीर म्हणाला. "थर कसे देतो त्यावर असतं."

"माला पन अशीच एक बनवून दे. सांगशील तवा येतो न्यायला."

"मलाही," क्षिप्राबाई म्हणाल्या.

इतकं कौतुक सुधीरचं कारखान्यात बारा वर्षांत झालं नव्हतं, आणि त्यातला एक शब्दही गोड लागत नव्हता. कोपऱ्यात बसून दिलीप इतका वेळ भक्तिभावाने ऐकत होता. आता त्याने हात पुढे केला. "मी बघू?"

नाही म्हणायला कारण काय देणार? धर्मराजांनी गिटार दिलीपकडे दिली. दिलीपने ती मांडीवर घेतली आणि डावीकडे कलती केली. मग खांद्याशी उजवीकडे केली आणि तळव्याने पाठीवर दोनदा थापटलं. आत काहीतरी घरंगळलं, कोपऱ्यात जाऊन बसलं आणि आवाज बंद झाला. वाजवण्याआधी चिंचोका कोपऱ्यात बसवायची ही सवय त्याला इतक्या वर्षांची होती की हाताने ते काम आपलं आपण उरकलं. सुधीरने ते पाहिलं. दिलीपला मात्र कळायला आणखी एक क्षण लागला. त्याचा हात पाठीवर तसाच राहिला. मग त्याने गिटार सावकाश पुन्हा डावीकडे कलती केली आणि चिंचोका खुळखुळत परत आला.

"आत काहीतरी आहे," क्षिप्राबाई म्हणाल्या आणि आरसा काढू लागल्या.

"निखिलचा चिंचोका आहे," दिलीप म्हणाला. त्याने सुधीरकडे पाहिलं. "माप झालं का, सुधीरराव?"

सुधीरला वाटलं होतं, पकडलो गेलो की काहीतरी सुचेल. सुचलं ते एवढंच. "मेण राहिलं," तो म्हणाला. "दिलीपदादा, मेण लावायचं राहिलं. तुमची गिटार आतच आहे. मी काढायचा फार प्रयत्न केला. सांगायची लाज वाटली, खरंच फार लाज वाटली."

दिलीपला मेणाचं काही कळेना. तेव्हा वैजयंती आतून तो तक्ता घेऊन आली. चार महिने तिने तो डब्याखाली जपून ठेवला होता. तिने तो भावाच्या हातात दिला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. दिलीपने वाचला. धर्मराजांनी त्याच्या खांद्यावरून वाचला.

"खून त बरोबर केलीय," धर्मराज म्हणाले.

"मेण शिवराम लावतो," सुधीर म्हणाला. "मी खूण करतो."

आधी क्षिप्राबाई हसल्या, मग धर्मराज इतके हसले की त्यांना ठसका लागला. दिलीप हसला नाही. त्याने एक साधी सुरावट वाजवली, शांतपणे, शेवटपर्यंत. सुधीरला रडू यायचं बाकी होतं.

"हिला पाण्याने काही होत नाही ना आता?" दिलीपने विचारलं.

"काही नाही," तिघंही म्हणाले.

"पंधरा वर्षं मी हिला अलिबागला नेली नाही. खारं वारं लागेल म्हणून." त्याने काळ्या विणीवरून अंगठा फिरवला. "आता नेतो. आवाज तर माझाच राहिलाय. पण फोनवर चार महिने माप घेत होतात ते नाही आवडलं मला, सुधीरराव."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

आणि मग सुधीरला हलकं वाटलं, इतकं की त्याला एकदम भूक लागली. वड्या आल्या. दोन वड्या झाल्यावर क्षिप्राबाईंनी बोटं पुसत मंडळाचा नियम काढला. स्वतःची कार्बनची गिटार असेल तो सभासद. म्हणजे दिलीप सभासद झाला आणि सुधीर राहिला नाही. दिलीपने तिथल्या तिथे होकार दिला. पुढची सभा त्याच्याच घरी, नेरूळला ठरली.

सुधीर मान खाली घालून वडी चावत राहिला. ते धर्मराजांना बघवेना. त्यांनी स्वतःची गिटार उचलून त्याच्यापुढे धरली.

"ने. माज्या गिटारीवर चढव कापड. दुसरी बनव न ये सभेला."

सुधीरने गहिवरून दोन्ही हात पुढे केले. गिटार धरली, पण ती हातात येईना. धर्मराजांनी गळा सोडला नव्हता.

"पन तो शिवराम कुठं रेतो, ते सांग आदी."

सुधीरने त्याच तक्त्याच्या मागे शिवरामचा पत्ता लिहून दिला. धर्मराजांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मग गिटार सोडली.